वलणीची दोन टोकं

पर्यटन कंपनीबरोबर परदेशी जाऊन आलेल्या माणसाच्या कानात एक आवाज कायमचा बसलेला असतो. बसच्या दारात उभं राहून डोकी मोजणाऱ्या टूर मॅनेजरचा. एकोणतीस, तीस, एकतीस... बत्तिसावं कुठंय? हे बत्तिसावं डोकं बहुतेक वेळा माझ्या ताईचं असायचं आणि ते कुठल्या तरी दुकानात फ्रिजवर लावायचं चुंबक निवडत असायचं. अशा दोन सहली झाल्यावर ताईनंच एकदा चहा ओतता ओतता जाहीर केलं, "या वेळी आपली डोकी आपणच मोजायची." डोकी दोनच. तिचं एकसष्ट वर्षांचं, माझं चोपन्न वर्षांचं. देश ठरला व्हिएतनाम.

व्हिएतनामच का? मुंबईहून थेट विमान जातं, व्हिसा घरबसल्या निघतो, घड्याळ फक्त दीड तास पुढे करावं लागतं आणि खर्च आवाक्यातला असतो. पहिल्यांदा स्वतःच्या बळावर जाणाऱ्याला एवढ्या सवलती पुरेत. तुमचा देश वेगळा असला तरी या प्रकरणातले बारकावे बहुतेक तेच राहतील, फक्त नोटांवरची चित्रं बदलतील.

पहिल्या स्वतंत्र प्रवासात लोक दोन टोकांच्या चुका करतात. काहीजण तासातासाचा तक्ता करतात आणि दुसऱ्याच दिवशी पावसानं तो भिजतो. काहीजण "बघू तिथं गेल्यावर" म्हणतात आणि रात्री अकरा वाजता अनोळखी विमानतळावर बघत बसतात. माझं मत असं, की कपडे वाळत घालायच्या वलणीसारखं नियोजन असावं. दोन्ही टोकं खुंटीला घट्ट आवळलेली असली, की मधे थोडा झोळ पडला तरी कपडे मातीत जात नाहीत. पहिले चोवीस तास आणि शेवटचे चोवीस तास मिनिटांच्या हिशेबानं ठरवा. मधले दिवस सैल सोडा. मात्र या खुंट्या कागदांच्या असतात आणि त्या भिंतीत ठोकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पासपोर्टवरचं नाव ही यातली पहिली खुंटी. आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टात रकाने मात्र दोनच, एक आडनावाचा आणि दुसरा उरलेल्या सगळ्याचा. म्हणजे ताईच्या पासपोर्टात तिचं नाव आणि आमच्या भावोजींचं नाव शेजारी शेजारी एकाच रकान्यात बसलेलं आहे. व्हिसाचा अर्ज मी भरला. 'नाव' म्हटल्यावर बँकेत, ग्रंथालयात, दूधवाल्याकडे आपण जे लिहितो तेच लिहिलं, नाव आणि आडनाव. भावोजी गाळले. व्हिसा आला, आम्ही पेढे खाल्ले आणि निघायच्या नऊ दिवस आधी छापील प्रत काढताना ताईनं चष्मा कपाळावरून नाकावर आणत विचारलं, "यात हे कुठे गेले?"

व्हिएतनामच्या ई-व्हिसावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळावं लागतं. जुळलं नाही तर अडवणूक व्हिएतनाममध्ये होण्याआधी मुंबईतच होते, कारण चुकीच्या कागदांनिशी प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. म्हणून काउंटरवरचा माणूस एकेक अक्षर तपासतो. आम्ही पुन्हा अर्ज केला, पुन्हा पैसे भरले, आणि ते नऊ दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही.

तेव्हापासून कुठल्याही अर्जात मी नाव एकाच ठिकाणी बघून लिहिते. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाला यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव, मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा, मग बाकीचं नाव असतं. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा या सगळ्यांसाठी हीच ओळ तुमचं खरं नाव. आधार कार्डावर काय आहे, लग्नपत्रिकेवर काय होतं, हे तिथं कोणी विचारत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे दोनदा वाचावं. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल तर तिकीटही माहेरच्याच नावाचं काढायचं, सासरचं कितीही प्रेमाचं असो.

पासपोर्टची मुदत तुम्ही त्या देशात उतरता त्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी, हा अनेक देशांचा नियम आहे. कोरी पानं दोन तरी असावीत.

ई-व्हिसाचं बाकी काम फार अवघड नाही. ऑगस्ट २०२३ पासून तो कमाल ९० दिवसांचा मिळतो. एकदाच प्रवेश करायचा असेल तर शुल्क २५ डॉलर, पुन्हापुन्हा ये-जा करायची असेल तर ५०. अर्ज नाकारला गेला तरी पैसे परत येत नाहीत. खरी काळजी संकेतस्थळाची घ्यायची. शोधयंत्रावर 'व्हिएतनाम व्हिसा' लिहिलं की वरच्या ओळीत ज्या झेंडे लावलेल्या, सरकारी दिसणाऱ्या पाट्या येतात, त्यांतल्या बऱ्याच दलालांच्या असतात आणि तेच काम दुप्पट-तिप्पट पैशांत करून देतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' असतं. ते नसेल तर पान बंद करा. आणि व्हिसाची सुरुवातीची तारीख उतरण्याच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीची मागा, कारण मुदत सुरू होण्याआधी उतरलेल्या माणसाला आत घेत नाहीत.

तारखांचा विषय निघालाच आहे, तर मध्यरात्रीच्या विमानाबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे दिवस उजाडल्यावर बदलतो. पंचांगाची तिथीसुद्धा सूर्योदयाला धरतात. विमान कंपनीचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. तिकिटावर १४ तारीख आणि वेळ ००.३५ असेल, तर विमानतळावर १३ तारखेच्या रात्री नऊला पोहोचायचं असतं. सुशिक्षित, चौकस, हिशेबी माणसं १४ तारखेला रात्रीचं जेवण आवरून, देवाला नमस्कार करून विमानतळावर पोहोचतात आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी ठरवतानाही हाच घोळ होतो. म्हणून घरातल्या कालनिर्णयवर १३ तारखेच्या चौकोनात लाल शाईनं 'आज रात्री' असं लिहून ठेवा. मोबाइलच्या आठवणीपेक्षा स्वयंपाकघरातली ती लाल शाई जास्त उपयोगी पडते.

आता ऋतू. सहलीची तारीख आपण मुलांच्या किंवा नातवंडांच्या सुट्टीवरून ठरवतो, आणि तिथंच व्हिएतनाम हुलकावणी देतो. हा देश उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरहून लांब आहे, त्यामुळे एकाच दिवशी त्यात तीन हवा असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हनोईत स्वेटर लागतो, त्याच वेळी दक्षिणेत घाम येतो. मधला पट्टा तर सगळ्यात वेगळा. आपला सह्याद्री नैर्ऋत्येकडून येणारे वारे अडवून कोकणात पाऊस पाडतो, तसा तिथला त्रुओंग सन डोंगर ईशान्येकडून येणारे वारे अडवतो. त्यामुळे मध्य व्हिएतनामचा मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीच्या सुट्टीत. होइ आन या देखण्या जुन्या गावाच्या गल्ल्यांतून त्या दिवसांत कधीकधी होड्या चालतात. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधी तरी तिथलं चांद्र नववर्ष, 'तेत', येतं. तेव्हा अख्खा देश गावी जातो, रेल्वेत जागा नसते, दुकानं बंद असतात. ३० एप्रिल आणि १ मे या लागून सुट्ट्या. हे सगळं टाळून आम्ही मार्च घेतला.

किती गावं करायची, यावर आमचं भांडण झालं. ताईच्या पहिल्या यादीत दहा रात्रींत सहा गावं होती. टूरची सवय! तिथं सामान दाराबाहेर ठेवलं की ते आपोआप पुढच्या गावी पोहोचतं. स्वतः जाताना गाव बदलणं म्हणजे बॅग भरणं, हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, नवं हॉटेल शोधणं. त्यात अर्धा दिवस जातो. शेवटी हनोईत चार रात्री, एक रात्र रेल्वेत, होइ आनला चार आणि शेवटची एक हो चि मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये, असं ठरलं. एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून परतायचं. तिकीट थोडं महाग पडतं, पण त्याच वाटेनं उलटं यायचे दोन दिवस वाचतात.

रेल्वेची ती रात्र आम्ही मुद्दाम घेतली. हनोई ते सायगॉन हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा. फ्रेंचांनी तो १९३६ मध्ये पुरा केला, युद्धात आणि व्हिएतनामच्या फाळणीत तो तुटला आणि १९७६ च्या अखेरीला पुन्हा सलग सुरू झाला. हनोईहून होइ आनजवळच्या दा नांग स्टेशनपर्यंत ७९१ किलोमीटर, म्हणजे साधारण सोळा-सतरा तास. विमान दीड तासाच्या आत पोहोचवतं. पण हुए शहर सोडल्यावर गाडी हाय वान घाटातून समुद्राच्या कडेकडेनं जाते, ते विमानातून दिसत नाही. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे येतो, हे लक्षात ठेवून खिडकी धरा.

आता वलणीच्या पहिल्या टोकाकडे, म्हणजे पहिल्या चोवीस तासांकडे. विमान उतरल्यावर काय काय करायचं, त्याचा क्रम आम्ही वहीच्या एका पानावर लिहिला होता. इमिग्रेशन, सामान, एटीएममधून थोडे पैसे, मोबाइलचं स्थानिक सिम, मग वाहन. हनोईचा नोइ बाय विमानतळ शहराच्या जुन्या भागापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. ८६ क्रमांकाची नारिंगी बस तिथून थेट जुन्या वस्तीत आणि पुढे रेल्वे स्टेशनला जाते. तिकीट ४५,००० डाँगच्या आसपास. आकडा ऐकून घाबरू नका, ते दीडशे रुपये आहेत. बस नको असेल तर ग्रॅब या अ‍ॅपवरून मोटार बोलवा. भाडं आधीच पडद्यावर दिसतं, त्यामुळे घासाघीस उरत नाही. रात्री उशिरा उतरणार असाल तर हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा. दोन पैसे जास्त जातील, जाऊ देत. पहिल्या रात्री काटकसर करू नये.

हॉटेलचा पत्ता व्हिएतनामी लिपीत, वरच्या-खालच्या सगळ्या खुणांसह, कागदावर छापून न्या. ही भाषा सुरांवर चालते. 'मा' या एकाच उच्चाराचा सूर बदलला की भूत, आई, घोडा, कबर, भाताचं रोप असे अर्थ होतात. आपण प्रेमानं उच्चारलेल्या रस्त्याच्या नावाचं तिथं काय होत असेल, कल्पना करा. पत्ता बोलू नका, दाखवा. आणि विमान सकाळी उतरत असेल तर खोली दुपारी दोनला मिळते, हे धरून चाला. बॅगा मात्र हॉटेलवाले ठेवून घेतात.

पैशांचं प्रकरण विनोदी आहे. एका रुपयाचे सुमारे तीनशे डाँग होतात. माणूस पहिल्याच दिवशी लक्षाधीश होतो आणि दुसऱ्याच दिवशी गोंधळतो. दुकानदार बोलताना हजार गाळतात. 'फिफ्टी' म्हणजे पन्नास हजार. हिशेबाची सोपी रीत अशी, की शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला साडेतीननं गुणा. खरा धोका निळ्या नोटांचा. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा. एक सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची. ताईनं नारळपाण्याला दुसरी देऊ केली. विकणाऱ्या बाईनं ती परत तिच्या हातात ठेवून मूठ बंद केली आणि हसली. सगळेच असे भेटतील या भरवशावर राहू नका. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

भारतातून निघताना परकीय चलनाच्या नोटा एका वेळी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. एवढ्या लागत नाहीत. थोडे डॉलर, कोरे, न दुमडलेले, पेनाची खूण नसलेले, आणि दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, दोन वेगळ्या पिशव्यांत. आपल्या बँका कार्ड देताना त्यावरचा परदेशी व्यवहार बंदच ठेवतात. तो बँकेच्या अ‍ॅपमधून आपण सुरू करायचा असतो आणि हे घरून निघण्यापूर्वी करायचं, कारण तिथं गेल्यावर त्यासाठी ओटीपी लागतो. दुकानातलं यंत्र कधीकधी विचारतं, पैसे रुपयांत कापू की डाँगमध्ये? रुपये ओळखीचे म्हणून हात तिकडे जातो. डाँगच निवडा. रुपयांचा तो दर यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो.

ओटीपीवरून आठवलं. स्थानिक सिम घेतलं म्हणून भारतातलं सिम काढून डबीत टाकू नका. तिकीट बदलायचं असो की हॉटेल, बँकेचा संदेश त्याच जुन्या नंबरवर येतो. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि त्याचा डेटा बंद ठेवा. फोनमध्ये दोन सिम चालत असतील तर प्रश्नच मिटला.

शाकाहारी माणसांना व्हिएतनामची उगाच भीती घालतात. बौद्ध परंपरेमुळे तिथं शाकाहाराला स्वतःचं नाव आहे, 'चाय', हिंदीतल्या 'चाय'पेक्षा जरा आखूड उच्चाराचं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक लोक तेच खातात. आपल्या चहाला हनोईत म्हणतात 'चा', थेट आपल्या खेड्यातल्यासारखं. तेव्हा चहा मागायचा तर 'चा' म्हणा. 'चाय' म्हणालात तर शाकाहारी फो, म्हणजे नूडल्सचं सूप, समोर येईल. पाटीवर 'चाय' लिहिलेलं हॉटेल शोधणं सगळ्यात सुरक्षित, कारण इतरत्र भाजीतही 'नुओक माम' हा माशांचा अर्क पडतो आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मांसाहार नसतो. बरोबर मेतकूट आणि भडंग न्यायला हरकत नाही. आम्ही नेलं होतं. भडंग रेल्वेत समोरच्या कुटुंबानं संपवलं.

विमा काढा, त्यात रुग्णालयाचा खर्च धरलेला आहे ना ते वाचा, रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. एवढ्यावर हा विषय संपतो. स्कूटरबद्दल मात्र ठाम सांगते: भाड्यानं घेऊ नका. पुण्यात चाळीस वर्षं चालवलेली असली तरी. तिथं ग्राह्य असलेला परवाना नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. रस्ता ओलांडण्याची रीतही वेगळी आहे. आपण मोकळी फट दिसली की पळतो. तिथं पळायचं नाही, थांबायचं नाही, एका लयीत चालत राहायचं. दुचाक्या आपल्याला वळसा घालून जातात.

मधले दिवस सैल ठेवले म्हणजे काहीच बघितलं नाही असं नव्हे. फक्त बंद असण्याचे दिवस टिपून ठेवले होते. हनोईतली हो चि मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि उघडी असते तीही सकाळीच. होइ आनला चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. ती रात्र साधायला आम्हाला कुठलंही अ‍ॅप लागलं नाही. पौर्णिमेच्या आसपासची चतुर्दशी कालनिर्णयमध्ये बघितली. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून तिथं चार रात्री ठेवल्या होत्या.

त्या चारांतला एक दिवस पूर्ण रिकामा होता. त्या दिवशी हॉटेलच्या मालकिणीनं सुचवलं म्हणून चाळीस किलोमीटरवरच्या मी सनला गेलो. चंपा राजांची शिवमंदिरं, विटांची, चौथ्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं बांधली जात राहिलेली, संस्कृत शिलालेखांसह. १९६९ मधल्या अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतलं सगळ्यात मोठं देऊळ पडलं. उरलेल्यांपैकी काहींची दुरुस्ती आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं केली आणि त्या कामात २०२० मध्ये एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. ताई दीड तास तिथून हलली नाही. मोजायला कोणी उभं नव्हतं.

राहिलं शेवटचं टोक. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री त्याच शहरात मुक्काम हवा, यात तडजोड नाही. दा नांगहून सकाळचं देशांतर्गत विमान आणि दुपारी सायगॉनहून मुंबईचं, अशी दोन वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा निघालं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही देत नाही. स्वस्त कंपन्यांच्या तिकिटात बहुधा सात किलोची हातातली पिशवीच धरलेली असते. मोठ्या बॅगेचे पैसे आधी भरले तर कमी, काउंटरवर भरले तर डोळ्यांत पाणी. पासपोर्ट हरवलाच तर हनोईत भारताचा दूतावास आहे आणि हो चि मिन्ह सिटीत महावाणिज्य दूतावास. दोन्हींचे पत्ते आणि पासपोर्टची झेरॉक्स मूळ पासपोर्टपासून वेगळ्या पिशवीत असावी. उरलेले डाँग विमानतळावरच बदला किंवा संपवा. इकडे ते घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

तिकिटाचे पैसे भरण्याआधी एक काम करा. कपाटातला पासपोर्ट काढा, मुदत बघा आणि तळाच्या त्या दोन ओळी मोठ्यानं वाचा. शेजारी बसलेल्या माणसालाही वाचायला लावा.